रिकामा फलाट शिकवताना

यंत्राला आधी रिकामेपण शिकवावं लागतं.
माणूस म्हणजे काय, ते त्याला नंतर कळतं.

सहा खांबांवर सहा पांढऱ्या डब्या,
साबणाच्या वडीएवढ्या.
कॅमेरा नाही.
चेहरा, जात, तिकीट, यातलं काहीच
त्यांना दिसत नाही.
एक डबी बोलते, बाकीच्या ऐकतात,
मध्ये कोणी उभं राहिलं
की ऐकू येण्यात जरासा फरक पडतो.
अंगात पाणी असतं म्हणून, एवढंच.
तो फरक पिवळ्या पट्टीपलीकडे सरकला
आणि गाडीनं बाळे सोडलेलं असलं
तर भोंगा वाजणार.

त्याआधी दहा मिनिटं रिकामा फलाट हवा,
असं पुस्तिकेत लिहिलंय.
पुस्तिका लिहिणारा
सोलापूरला कधी उतरला नसावा.

एप्रिल. रात्रीचे पावणेतीन.
फरशीत अजून दुपार शिल्लक.
बसवराजनं हात जोडून एकेकाला उठवलं:
वाडीच्या लग्नाला निघालेली नऊ माणसं,
त्यांची आहेराची पितळी घागर,
पायातले बूट उशाला घेतलेला एक फौजी,
तुळजापूरहून परतलेली बाई, कडेवर तान्हं.
सगळे पलीकडच्या फलाटावर गेले, कुरकुरत.
तान्हं तेवढं हसत होतं.

पहिल्या खेपेला कुत्रं आलं.
पार्सलवाले त्याला साहेब म्हणतात,
त्याला घालवायचं कोणी?
दुसऱ्या खेपेला सिमेंटची मालगाडी,
अठ्ठावन्न डबे, मी मोजले.
तिसऱ्या खेपेला फलाट खरंच मोकळा,
आणि पडद्यावरची रेघ तरी
वर-खाली,
वर-खाली,
मिनिटाला पंधरा वेळा.

मी माझा श्वास धरून पाहिला.
मी तर पुलावर होते, चाळीस पायऱ्या वर.
रेघ चालूच.

‘एवढं चालतंय मॅडम,’ बसवराज म्हणाला,
‘सेव्ह करा. पाचला साहेब येणार.’

बोट बटणावर होतं.
दाबलं असतं तर हा श्वास
रिकाम्यात जमा झाला असता.
उद्या, परवा, पुढच्या वर्षी
यंत्रानं त्याला वजा करूनच मोजलं असतं.
तो काठाशी गेला असता, तरी
त्याच्या हिशेबी कोणीच गेलं नसतं.

माझे वडील गिरणीत अकरा वर्षं बदली होते.
रोज दाराशी उभे. कामाला घेतलं तर हजर,
नाही घेतलं तर आलेच नव्हते.

चादरींच्या गठ्ठ्यांमागं सापडला.
गोणपाट अंगावर, तोंड भिंतीकडे.
‘मी हललोबी नाही की ताई.’
म्हटलं, ‘काका, म्हणूनच.’

इरण्णा नाव. पूर्वी ठेला ओढायचा.
पुलावर येताना तीनदा थांबला,
वरच्या पायरीवर बसून बसवराजचा चहा प्याला,
मग माझ्या खांद्यावरून पडदा पाहू लागला.
खाली दहा मिनिटं कोणी नव्हतं.
रेघ आडवी झाली ती आडवीच राहिली.
मला ती फार वेळ बघवेना.

‘मेलं काय हे?’ इरण्णानं विचारलं.
‘नाही. शिकलालंय.’

तीन वाजून बावीस मिनिटांनी
मी रिकामा फलाट जतन केला.

सगळ्यांच्या आधी तोच खाली गेला,
कठड्याला हात लावत.
पडद्यावर एक हिरवा ठिपका उमटला,
गठ्ठ्यांकडे निघाला, मध्येच वळला.
तंबाखू थुंकायला असेल,
सरळ पट्टी ओलांडून काठाशी.

भोंगा वाजला.
गाडी नव्हती कुठली.
गाडीची अट घालायची बसवराजच्या हातून राहिली होती.
पलीकडे तान्हं रडायला लागलं,
साहेब भुंकला,
आणि इरण्णा दचकून दोन पावलं मागं सरला,
वर पुलाकडे बघत
त्यानं आम्हाला कानडीत एक लांबलचक शिवी दिली.